एका गावाला एकच बोकड

पहिल्यांदा एक खुलासा करून टाकते. मी डॉक्टर नाही. एकतीस वर्षं सगळ्या कर्जत-खालापूरने मला 'डाक्टरीणबाई' म्हटलं, माझ्या सासूनेही चारचौघांत म्हटलं, पण मी होते पशुधन पर्यवेक्षक. डॉक्टर मोठ्या दवाखान्यात बसतात. पर्यवेक्षक स्कूटीवर बसतो, आणि बऱ्याचदा स्कूटीवरून चिखलात. लसी टोचायच्या, गाई भरवायच्या म्हणजे इंजेक्शनने गाभण करायच्या, अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालायचा आणि बैल-बोकड खच्ची करायचे, ही आमची कामं. शेवटच्या कामासाठी एक भलामोठा लोखंडी चिमटा असतो. तो मी पिशवीतून काढला की गोठ्यातले सगळे पुरुष, जनावर धरायला आलेलेसुद्धा, आपोआप मांडी घालून खाली बसायचे. उभ्या तालुक्यात माझ्याशी कोणी कधी उद्धट बोललं नाही, त्याचं श्रेय मी त्या चिमट्याला देते.

या अंकाच्या संपादकीणबाई भिसेगावात आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. म्हणाल्या, "तुमच्या सेवेतला एखादा हृद्य प्रसंग लिहा." हृद्य? निवृत्त झाले तरी माझ्या अंगाला गोठ्याचा वास येतो असं नवरा म्हणतो. मी म्हटलं, माझ्याकडे हृद्य काही नाही, एक बोकड आहे. चालेल का? चालेल म्हणाल्या. आता भोगा.

बोकडाच्या आधी एक कुत्रा सांगते, म्हणजे विषय लक्षात येईल. कळंबकडे शनिवार-रविवारी येणारे एक फार्महाऊसवाले साहेब होते. त्यांचा चपट्या नाकाचा कुत्रा जागेपणी घोरायचा आणि सोफ्यावर चढताना तीनदा विश्रांती घ्यायचा. "प्युअर ब्लड आहे मॅडम," साहेबांनी छाती फुगवून सांगितलं, "याचे वडील आणि आजोबा एकच आहेत!" मी म्हटलं, "साहेब, हे माणसाबद्दल सांगितलं असतंत तर मी सरळ पोलिसांत गेले असते." त्यानंतर त्यांनी मुंबईचा डॉक्टर लावला.

त्यांना मी घरी येऊन मनसोक्त हसले. तेव्हा मला कुठे माहीत, की तिथून तीन किलोमीटरवर एका अख्ख्या गावातल्या शेळ्यांची हीच गत झालीय! गावाचं नाव सांगत नाही. तिथे माझं अजून जाणं-येणं आहे.

त्या गावात सुंदराकाकी. नवरा वारलेला, थोडी भातशेती, सात-आठ शेळ्या आणि दोन मुलं. थोरली संगीता. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. कर्णबधिरांच्या शाळेत शिकली, गावभराचे ब्लाउज शिवते, आणि हातवाऱ्यांनी लोकांच्या अशा नकला करते की ज्याची नक्कल तोही लोळतो. धाकटा नितेश, खोपोलीला एका कंपनीत कंत्राटी कामगार. हा इतका अबोल, की घरात बहिरं कोण आणि मुकं कोण असा नव्या माणसाचा गोंधळ व्हायचा.

नितेशचं लग्न जमेना. मुलीकडच्यांच्या अटी आता सगळ्यांना पाठ आहेत. नोकरी परमनंट हवी, फ्लॅट पनवेलला हवा आणि सासू गावाला हवी. काकींनी कंटाळून गावदेवीला नवस केला, "माज्या नितेशचं लगीन ठरू दे, तुला बोकड देईन." एक कोवळं करडू त्या नावाने बाजूला काढलं. ते करडू मोठं झालं, दाढी आली, शिंगं आली. लग्न काही ठरलं नाही. अशी चार वर्षं गेली.

आता नवसाचा बोकड म्हणजे देवीचं जनावर. त्याला बांधायचं नाही, मारायचं नाही, विकायचं तर नाहीच. तो कोणाच्याही ओटीवर न विचारता यायचा, ऐसपैस बसायचा आणि त्याला उठवायची कोणाची छाती नव्हती. म्हणून गावाने त्याचं नाव ठेवलं भाऊसाहेब. वास तर असा, की भाऊसाहेब येणार हे तो वळणावर असतानाच कळायचं. पण गावाला त्याचा एक मोठा उपयोग होता. शेळी माजावर आली की भाऊसाहेब हजर. आयता, घरपोच, वर देवीचा आशीर्वाद! मग दुसरा बोकड कोण कशाला पोसतो? जन्मलेली नर करडं लहानपणीच बाजारात जायची. माद्या गावात राहायच्या आणि वर्षभरात वयात यायच्या. त्यांच्यासाठीही भाऊसाहेबच.

पहिलं करडू काकींच्या शेजारणीकडे झालं. खालचा जबडा बोटभर आखूड. आचळ तोंडात धरता येईना, दूध सगळं गळ्यावरून खाली. मी बाटलीने पाजायला शिकवलं आणि म्हटलं, होतं एखादं. महिन्याभरात दुसरं. मग तिसरं. ते दोन दिवसांत गेलं. मी वहीत नोंदी घ्यायला लागले. शेळी कोणाची, तिची आई कोण, बाप कोण. बापाच्या रकान्यात नऊ वेळा 'भाऊसाहेब' लिहून मी थांबले. शेळ्यांचा वंशवृक्ष काढायला बसले तर झाडाला फांद्याच फुटेनात. बाप तोच, आजोबा तोच, पणजोबाही तोच. वृक्ष कसला, नुसता सरळसोट बांबू!

मी चिमटा घेऊन काकींकडे गेले. "काकी, भाऊसाहेबांना खच्ची करू या."

"देवीला अधू जनावर देऊ? डाक्टरीणबाई, डोकं ठिकानावर हाय ना?"

"मग बांधून ठेवा."

"देवीच्या जनावराला दावं लावू?"

भाऊसाहेब तेव्हा ओटीवर माझ्या पिशवीचा बंद खात उभा होता. मी वैतागून काकींच्या फळीवर साठलेल्या बल्बांतले दोन घेतले, एक चालू, एक उडालेला, आणि ओटीवरच शिकवणी सुरू केली. संगीता मशीन थांबवून बघत बसली.

मी म्हटलं, "समजा, अंगातल्या एकेका गोष्टीचे दोन-दोन बल्ब असतात. एक आईने दिलेला, एक बापाने. एक उडालेला असला तरी दुसऱ्यावर घर उजळतं, उडालेला कोणाच्या ध्यानातही येत नाही. पोर होतं तेव्हा आपण आपल्या दोनातला एक त्याला देतो. कोणता, ते आपल्या हातात नाही. आई-बाप दोघांकडूनही नेमका उडालेलाच गेला, तरच पोराच्या घरात अंधार. परक्या घरात बहुतेक करून तोच बल्ब उडालेला नसतो, दुसराच कुठला तरी असतो. म्हणून चालून जातं. पण एकाच घरातले सगळे बल्ब एकाच खोक्यातले. बापाचा जो उडालेला तोच लेकीकडे असायचा. मग बाप-लेकीचंच पोर झालं तर काय होणार?"

काकी शाळेत फार गेल्या नव्हत्या, पण बाई हुशार. "म्हंजे भाऊसाहेबाचा जबड्याचा एक बल्ब उडालाय."

"बरोबर. आणि तो त्याने गावभर वाटलाय."

"काय गं बाय! भिवपुरीला येवढी वीज बनते, आन आमच्या शेळ्यांच्या नशिबी ह्यो काळोख." काकींनी जरा विचार केला. "मंग तुमीच नितेशला पोरगी बगा. लगीन ठरलं की बोकड जातोय."

आधी मी दुसरा उपाय केला. खालापूरच्या बाजूच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून परका, देखणा, तरणाताठा बोकड आणला. भाऊसाहेबाने तासाभरात त्याचं एक शिंग मोडलं. पाहुणा जो डोंगराकडे पळाला तो वरच्या ठाकूरवाडीत जाऊन राहिला. तिथल्या शेळ्यांना पुढे अशी गुबगुबीत करडं झाली, की वाडीतली एक म्हातारी मला रानातली करवंदं द्यायला मुद्दाम दवाखान्यात आली. माझ्या गावाला मात्र भाऊसाहेबच.

मग काय करते? सरकारी नोकरीत असताना, लसींच्या पिशवीत नितेशचा बायोडाटा घेऊन मी दोन तालुके पालथे घातले. खालापुरात एका आईने विचारलं, "मुलगा कसा आहे?" मी सवयीने बोलून गेले, "अंगाने भरलेला, दात पक्के, खाणंपिणं व्यवस्थित, मारका अजिबात नाही." ती म्हणाली, "बाई, आमी बैल नाय बगत." दुसऱ्या एका घरी घाईत बायोडाट्याऐवजी शेळ्यांच्या जंताच्या औषधाचं पत्रक देऊन आले. त्यांनी ते आठ दिवस ठेवलं आणि 'पत्रिका जुळत नाही' म्हणून परत पाठवलं.

असंच वर्ष गेलं. एक दिवस काकी पेढे घेऊन दवाखान्यात. "डाक्टरीणबाई, ठरलं! येत्या पंधरवड्याला सुपारी. माज्या भावाचीच लेक, प्रियांका."

खरं सांगते, मला नितेश आठवला नाही. मला भाऊसाहेब दिसला, देवळाच्या दिशेने जाताना. मी अख्खा पेढा तोंडात टाकला.

काकी खुशीत सांगत होत्या, "आमच्या संगीचं पन बरं होतंय बगा. माज्या भावाचा धाकला सोहम पन तिच्यासारखाच, जन्मापासून ऐकाया येत नाय. म्हनून प्रियांकाला हातांची भाषा येते. संगीला घरात बोलाया मानूस मिळंल."

पेढा घशात अडकला. "काकी, तुमच्या माहेरची आणि सासरची सोयरीक कशी?"

"आवो, मला दिली आत्याच्याच घरी. आन माज्या भावाला केली आत्याचीच लेक. साटंलोटं."

माझ्या डोळ्यांसमोर बांबू उभा राहिला. दोन घरं, पण खोकं एकच. या घरात संगीता, त्या घरात सोहम. म्हणजे एक उडालेला बल्ब दोन्ही घरांत फिरतोय, हे उघड दिसतंय. नितेश आणि प्रियांकाला चांगलं ऐकू येतं, पण त्या दोघांकडेही तो एकेक असायची दाट शक्यता. हे काकींना तिथेच सांगायला हवं होतं. एक ओळ होती. मी पाणी प्यायले आणि म्हटलं, "अभिनंदन."

पंधरा दिवस मी गप्प बसले. स्वतःला कारणं भरपूर दिली. आपलं काम जनावरांचं, माणसांच्या लग्नात नाक खुपसायचं नाही. पाच वर्षांनी नितेशचं जुळतंय. आणि खरं कारण म्हणजे भाऊसाहेब. मी बोलले की लग्न मोडणार, लग्न मोडलं की बोकड राहणार, आणि माझी वही पुन्हा आखूड जबड्यांनी भरणार. माझ्या मनात पाप आलं, दुसरं काही नाही. एका बोकडापायी मी दोन पोरांचं आयुष्य डोळ्यांदेखत पणाला लावत होते.

सुपारीच्या दिवशी सकाळी ठरवलं, आधी जाऊन काकींना बाजूला घेऊन सांगायचं. तर भिवपुरीहून फोन, गाय अडलीय. ते काम दुसऱ्याला सांगता आलं असतं. नाही सांगितलं. गाय सोडवून, हात धुऊन पोचले तोवर सुपारी फुटली होती आणि पोहे फिरत होते. अंगणात भाऊसाहेब गळ्यात झेंडूची माळ घालून उभा होता, आणि अर्धी माळ त्याने खाल्लीही होती.

मी ओटीवर गेले आणि उभ्या उभ्याच बोलायला लागले. करडांचे जबडे, खोकं, बल्ब. सगळं एका दमात. शेवटी म्हटलं, "मोडा असं मी म्हणत नाही. पण दोघांची मुंबईला रक्ततपासणी करा, डॉक्टरांचा सल्ला घ्या आणि मगच पुढे जा."

काकींचा भाऊ तावातावाने उठला. "ढोरांचं ढोरांत ठेवा, म्याडम! मानसांना शेळ्या म्हनता काय?"

काकींचा आवाज थंड होता. "डाक्टरीणबाई, तुमचा नवरा तुमचा कोन? आतेभाऊच ना? तुमची पोरं तर साळंत नंबर काढत व्हती."

सगळी ओटी माझ्याकडे बघायला लागली. नेमका तेव्हाच माझ्याजवळ चिमटा नव्हता.

"हो, आतेभाऊ," मी म्हटलं. "अशा लग्नातली बहुतेक पोरं धडधाकटच होतात. आमच्या खोक्यात काही उडालेलं कधी दिसलं नाही, आम्ही वाचलो. तुमच्या दोन्ही घरांत ते दिसलंय, काकी. एवढाच फरक आहे. आणि मला तो पंधरा दिवसांपूर्वीच कळला होता."

संगीता सगळ्यांची तोंडं वाचत होती. ती उठली, आत गेली आणि फळीवरचे बल्ब घेऊन आली. तिने स्वतःकडे बोट केलं, मग छोट्या सोहमकडे. मग दोन उडालेले बल्ब घेतले. एक नितेशच्या हातात दिला, एक प्रियांकाच्या. ते दोन्ही हात ओढून फुटलेल्या सुपारीजवळ पाटावर एकत्र ठेवले. ओटीवर कोणी पोहे चावेना.

मग ती हातांनी बोलायला लागली, भराभरा. अर्थ प्रियांका सांगत होती. "संगीताई म्हनते, माझी कीव कुनी करायची नाय. माझ्यासारखं पोर झालं तर मी त्याला बोलायला शिकवीन, तुमच्या सगळ्यांपेक्षा चांगलं." संगीता माझ्याकडे वळली. प्रियांका जरा अडखळली, मग म्हणाली, "पन माहीत असून गप्प बसनं हा माझा अपमान हाय. माझ्याबद्दल कुजबुजायचं नाय, तोंडावर बोलायचं."

एकतीस वर्षांत मला मेमो दोन मिळाले, लाथा असंख्य. पण त्यातलं काहीच या बोलण्याएवढं लागलं नाही.

प्रियांकाने हात खाली केले. "आन आता मी माझं सांगते. ह्याला मी दर वर्साला राखी बांधते. ह्यो नवरा म्हनून शेजारी बसला की मला हसू येतं. आत्याला वाईट वाटंल म्हनून बोलले नाय."

नितेश बल्ब हातात धरून बसला होता. त्या दिवशीचं आपलं पहिलं वाक्य तो बोलला, "मला पन."

असं ते लग्न मोडलं. मी मनात म्हटलं, चला, बोकड राहिला. तोच माझा भोग. पण देवळातला गुरव कोपऱ्यात पोहे खात होता. त्याने ताटली खाली ठेवली. "सुंदराकाकी, नवस काय व्हता? लगीन ठरू दे. सुपारी फुटली का? फुटली. म्हंजे ठरलं. अर्धा तास का व्हईना, ठरलं व्हतं. देवीनं तिचं काम केलं. मंग तुमी मोडलं, त्यात देवीचा काय दोष?"

यावर गावातल्या शहाण्यांनी दोन दिवस खल केला. कायदा गुरवाच्या बाजूने निघाला.

भाऊसाहेब गेला. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं, आणि मी जेवणाच्या पंगतीत मान खाली घालून बसले होते. पाच वर्षांचा बोकड तो, कुकरला शिट्ट्यांवर शिट्ट्या काढल्या तरी मऊ पडेना. सगळं गाव तासभर चावत होतं. काकी माझ्याशी बोलल्या नाहीत, पण माझ्या पानासमोर थांबून वाढणाऱ्याला म्हणाल्या, "डाक्टरीणबाईंना वाढ रं चांगलं. त्यांचाच हाय त्यो." एक घास मला गेला नाही. ज्याच्यामागे मी वर्षभर चिमटा घेऊन धावले, ज्याने माझ्या तीन पिशव्या खाल्ल्या, त्याच्यासाठी माझ्या डोळ्यांत पाणी! संगीताने त्याला लहानपणी मांडीवर घेऊन वाढवलेला. ती कोरडा भात घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. माझं पान तिने हळूच बाजूला सरकवलं.

ठाकूरवाडीतला एकशिंगी पाहुणा मी विनंत्या करून खाली आणला. पुढच्या खेपेची करडं भरल्या जबड्याची झाली. काकी मात्र दीड वर्ष माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांच्या शेळ्यांना लस टोचायला गेले की त्या शेळीशी बोलायच्या, "सांग त्यांना, डावीकडची लंगडते." मी शेळीलाच उत्तर द्यायचे.

मग एक दिवस फोन वाजला. ना हॅलो, ना काही. "डाक्टरीणबाई, घाटावरचं खोकं येगळं ना?"

नितेशने स्वतःच जमवलं होतं. कंपनीतलीच मुलगी, अश्विनी, जुन्नरकडची. हा अबोल माणूस तिच्याशी काय बोलला असेल ते देव जाणे. मी म्हटलं, "काकी, वेगळं आहे. माझ्याकडून पेढे."

वर्षभरात त्यांना मुलगी झाली. बारशाला मला आग्रहाचं बोलावणं. दवाखान्यात बाळाच्या कानांची तपासणी झालेली होती, सगळं ठीक होतं. पण काकींचा यंत्रावर विश्वास नाही. मी पोचले तेव्हा त्या पाळण्याच्या मागे स्टीलची परात आणि लाटणं घेऊन दबा धरून बसल्या होत्या. मला बघताच त्यांनी परातीवर असं लाटणं हाणलं, की पंगतीतले दोन म्हातारे उभे राहिले. बाळ दचकलं आणि जे सुरू झालं!

"ऐकतंय! डाक्टरीणबाई, ऐकतंय गं बाय!" काकी परात टाकून माझ्या गळ्यात पडल्या. दोघीही रडलो. अगदी भोकाड पसरून.

रडून झालं. आमचं. बाळाचं होईना. अश्विनीने घेतलं, नितेशने घेतलं, काकींनी घेतलं, मीही सगळा अनुभव पणाला लावला. माझा अनुभव वासरांचा. पोर निळं-जांभळं होईस्तोवर किंचाळत होतं, माणसं कानावर हात ठेवून ओटीवरून अंगणात उतरायला लागली. शेवटी संगीता उठली आणि तिने बाळाला छातीशी घेतलं. त्याच्या पाठीवर तळवा ठेवला, तिथली थरथर तिला हाताला कळली, आणि ती खुदकन हसली. मग मोकळ्या हाताने काहीतरी बोलली.

अश्विनी ही भाषा नव्यानेच शिकत होती. तिने दोनदा विचारून खात्री केली आणि आम्हाला सांगितलं, "संगीताई म्हणतात, आजपासून हिला माझ्याजवळ झोपवा. हिच्या रडण्याने जिची झोप मोडणार नाही, अशी ह्या घरात मी एकटीच आहे."